तिरका ट्रे

मावशींनी लावलेली जेल बिघडायची नाही, ही प्रयोगशाळेत काळ्या दगडावरची रेघ होती. तीस वर्षं त्या काचेच्या बशांमध्ये पातळ जेल ओतत आल्या होत्या. अर्ध्या तासात ती घट्ट व्हायची आणि तिच्यात शरीरात असतात तसे बारीक धागे तयार व्हायचे. मग शास्त्रज्ञ मंडळी तिच्यावर कॅन्सरच्या पेशी सोडून त्या कुठवर पसरतात ते बघायची. निवृत्तीला महिना राहिला होता. स्वच्छ नाव घेऊन घरी जायचं, एवढीच काय ती मावशींची हौस!

आणि आज ही संशोधन करणारी पोरगी सूक्ष्मदर्शकापाशी रडत बसलेली. बारा बशा, पेशी एकाच बाटलीतल्या. सहा बशांत त्या जागच्या जागी घुटमळलेल्या, उरलेल्या सहांत सुसाट सुटलेल्या, त्याही सगळ्या एकाच दिशेने!

"तुझ्याकडून पेशींची सरमिसळ झालेली दिसते," सर म्हणाले. "फेकून दे सगळं. तीन महिन्यांचं काम गेलं, काय करणार!"

"पण सर, मी..." पोरीने बाटलीवरची चिठ्ठी पुढे केली.

मावशींना त्या बशा लावल्या तो दिवस आठवला. त्या दिवशी सपाट फळी भरलेली होती, गुडघे ठणकत होते. त्यांनी सहा बशांचा ट्रे डब्याच्या झाकणावर तिरका टेकवला आणि सरळ चहाला गेल्या. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण हिचं काम कचऱ्यात आणि आपण निरोपाची भाषणं ऐकायची? जनाची नाही तर मनाची तरी!

"सर, चूक तिची नाही, माझी आहे. त्या सहा बशा मी तिरक्या ठेवल्या होत्या."

मावशी मान खाली घालून उभ्या राहिल्या. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले ते उठेचनात.

"तिरक्या! म्हणजे जेल ओघळता ओघळता घट्ट झाली. धागे बघा, विंचरलेल्या केसांसारखे सरळ. पेशींना आयता रस्ता मिळाला. बाकीच्या बशांत गुंता, तिथे त्या अडल्या."

पोरीने डोळे पुसले. "मग शरीरातही असा गुंता करता आला, तर कॅन्सर अडवता येईल?"

"घाई नको. आधी हे पुन्हा घडतं का बघू. मावशी, उद्या तशाच सहा बशा तिरक्या लावा. झाकण तेच हवं, आणि चहालाही तेवढाच वेळ जा."

दुसऱ्या दिवशी मावशींनी झाकण शोधलं, ट्रे हलक्या हाताने टेकवला आणि पोरीचा दंड धरला.

"ऊठ गं, चहा प्यायचाय. सरांचा हुकूम आहे."