खूण न ठेवता बघणं

बिस्किटाचं टोक चहात भिजून वाकलं, आता पडणार... पडलंच. मनस्विनीनं घाईघाईनं कप खाली ठेवला आणि तिला उगाचच लाज वाटली, बँकेची सगळी शाखा आपल्याकडेच बघतेय अशी. बघत कुणी नव्हतं. टेबलापलीकडे मंजुषा, कर्जाचं काम बघणारी अधिकारी, मान खाली घालून मनस्विनीनं स्वतः फोनवर काढलेला सिबिलचा रिपोर्ट – तिच्या कर्जफेडीचा लेखाजोखा – वाचत होती. पण नुसतं ‘बघणं’ म्हटलं तरी मनस्विनीच्या अंगावर अजून काटा येई – सतरंजी, पोह्यांच्या बश्या, समोर चार परकी माणसं, “जरा चालून दाखव बरं, बाळ”... किती वेळा, ते मोजणं तिनं कधीच सोडलं होतं.

“म्याडम,” मंजुषानं मान वर केली, “एकाच महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले तुम्ही?”

“हाव. बाबा म्हणाले, चार दारं ठोठावली की एखादं उघडतंच.”

हे बाबांचं, किशनरावांचं, जुनंच शास्त्र! लेकीचं लग्न जमवतानाही त्यांनी हेच केलं – मुरुडपासून देगलूरपर्यंत बायोडाटा वाटत सुटले. माणसं आली, खाऊन गेली, ‘कळवतो’ म्हणाली. आणि पुढच्या पाहुण्यांना मागचे पाहुणे आधीच ठाऊक असायचे. “लई ठिकाणी दाखवलेली दिसती पोरगी,” एक बाई तिच्यादेखत पोहे चघळत म्हणाली होती. खोट काय, ते कुणाला सांगता येत नसे; खोट असणार, हे मात्र ठरलेलं. मी कुठं कमी पडले?... सोड, मेलं ते.

आता चौतिसाव्या वर्षी, लातुरात कॉलेजच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवता शिकवता तिनं औसा रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवला होता. खिडकीला लागून कडुनिंब. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालेला. जिथं आपल्याला बघायला कुणी येणार नाही असं एक घर – तिला दुसरं काहीसुद्धा नको होतं.

“बघणं दोन तऱ्हेचं असतंय, म्याडम,” मंजुषा सांगत होती. “तुम्ही आपलं सिबिल स्वतः काढून बघितलं, नाहीतर बँकेनं वरवर बघितलं, कुणाला काय देता येईल म्हणून – त्यानं स्कोअर हलत न्हाई, दुसऱ्या बँकेला पत्ताबी लागत न्हाई. पण तुम्ही अर्ज केला आन् आम्ही कर्ज द्यायचं म्हणून उघडून बघितलं, की त्याची नोंद राहते. मग पुढचा म्हणतो, इतक्यांनी बघितलं, इतक्यांनी सोडलं... हिला एवढी कशाची घाई?”

“मग तुम्ही पण वरवरच बघा ना.”

मंजुषा हसली. “त्यानं अंदाज येतो. पैसे द्यायचे तर पुरतंच बघावं लागतं. बुडालं तर बँकेचं बुडतंय की.”

वरवर बघणं... कस्तुराबाई आत्याला येत होतं ते! आत्या जळकोटला स्थळ बघायला जायची ती करडईचं बियाणं विचारायच्या निमित्तानं. मुलाच्या शेजारणीच्या ओट्यावर टेकायची, चहा घ्यायची, आणि सांजेपर्यंत तिला सगळं कळलेलं असायचं – मुलगा पितो का, सासू कशी, भावाभावांत बोलणं आहे का. त्या घराला सुगावा नाही, पोरीच्या नावाला ओरखडा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. काय बाई होती! किशनराव त्याला चोरटं काम म्हणायचे. आत्या गेली, आणि त्या घरातलं ते हलकं, मायेचं बघणंच संपलं.

“तुमचा एकबी हप्ता चुकलेला न्हाई,” मंजुषा म्हणाली, “लई स्वच्छ आहे. फक्त ह्या पाच खुणा. काही महिने कुठंच अर्ज टाकू नका, मग या. आज आम्ही उघडलं तर वरच्या ऑफिसातून नकार यायचीच भीती जास्त, आन् सहावी खूण पडंल.”

तिच्यामागच्या फळ्यावर शाखेचं महिन्याचं कर्जवाटपाचं उद्दिष्ट लिहिलेलं होतं, आणि मंजुषाच्या नावापुढं जवळजवळ काही नव्हतं. मनस्विनीला ते दिसलं. हिला एक अर्ज हवाच असणार की! तरी ही बाई म्हणते, नको. मनस्विनीला तिचं फार कौतुक वाटलं.

“पण तोवर फ्लॅट जाईल.”

“जाईलबी. खोटं कशाला सांगू?” मंजुषानं कीबोर्ड जवळ ओढला. “तुम्ही म्हणत असाल तर उघडते. फोनवर नंबर येईल. तो तुम्ही सांगितल्याशिवाय मला बघता येत न्हाई. तुमचा होकार लागतो.”

होकार... उंची विचारली होती, पगार विचारला होता, पुरणपोळी येते का विचारलं होतं. बघू का, असं – कुणी विचारलं होतं? बाबांनी नाही, त्या बायांनी तर नाहीच, आणि – हे तिला आत्ताच जाणवत होतं, आणि त्यानं आत कुठंतरी दुखलं – मायेच्या आत्यानंसुद्धा नाही.

“पाठवा,” ती म्हणाली.

नंबर आला. तिनं फोनवर तळहात ठेवला. मंजुषानं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले आणि नजर वळवून ती बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. नंबर सांगावा, की कडुनिंब जाऊ द्यावा?... मनस्विनीला ठरवता येत नव्हतं. पण लाज – लाज कुठं गेली? एक माणूस समोर बसून तिच्या होकारासाठी थांबलं होतं, आणि मनस्विनीला कसलीच घाई नव्हती.