पाणी मोकळं झालं

रहिमतपूरच्या शिवारात दगडाबाई आणि मनुबाई या सख्ख्या जावा. सहा वर्षं झाली, दोघींमध्ये तीन शब्दांपलीकडे बोलणं नव्हतं. शब्दही ठरलेले: "पाणी मोकळं झालं." बाकी सगळं बंद. हळदीकुंकू बंद, सणाच्या ताटाची देवघेव बंद, आणि जत्रेत समोरासमोर आल्याच तर एकीचं लक्ष पाळण्याकडे आणि दुसरीचं बांगड्यांकडे.

हे तीन शब्द तरी उरले ते सासूबाईंमुळे. जमीन दोन भावांत वाटली गेली, पण विहीर काही मधोमध कापता येईना. तेव्हा राहीबाईंनी, म्हणजे सुनांच्या आत्याबाईंनी, दंडक घालून दिला. मोटरीची वीज असेल तेवढ्या वेळेचे दोन भाग करायचे, आज पहिली पाळी एकीची तर उद्या दुसरीची, आणि जिची पाळी संपेल तिने दुसरीच्या दारात जाऊन तोंडाने सांगायचं. पाणी मुक्याने द्यायचं नाही आणि मुक्याने घ्यायचंही नाही. पुढे राहीबाई गेल्या, मागोमाग दोघींचे मालकही गेले, दंडक मात्र राहिला. भर उन्हात एक बाई विहिरीवरून दुसरीच्या घराकडे जायची, उंबऱ्याबाहेर उभी राहून तीन शब्द बोलायची आणि आल्या पावली मागे फिरायची.

भांडणात चूक कोणाची म्हणाल, तर पहिली मनुबाईची आणि मोठी दगडाबाईची. बांधावरचा शेवगा मनुबाईने न विचारता तोडला. दगडाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, चार बायकांसमोर ती बोलून गेली, "तुमचं सगळं आलं सडंल, बघा." आणि त्या पावसाळ्यात मनुबाईच्या आल्याचे गड्डे खरोखरच सडले. निम्म्या गावाचे सडले होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काय? पण मनुबाईला हे सांगणार कोण, आणि खुद्द दगडाबाईला तरी ते कुठे पटत होतं? आपलाच शब्द लागला, ही खंत तिच्या मनातून जाईना. माफी मागायची म्हणून ती त्या दारात कितीदा तरी गेली. थोरल्या जावेचा घट्ट मिटलेला चेहरा दिसला की घशातून ते तीन शब्द तेवढे बाहेर पडत.

या उन्हाळ्यात विश्वजीत आला. हा मनुबाईचा मुलगा, कराडला कारखान्यात कामाला. त्याने विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला. पेटीत एक सिमकार्ड. त्या नंबरला घरातून फोन लावायचा आणि बटण दाबलं की मोटर चालू.

"काकी, आता विहिरीवर जायाचं न्हाई, आन् एकमेकींच्या दारातबी जायाचं न्हाई," तो म्हणाला. "एक वाजला की एकीनं बंद करायची, दुसरीनं चालू करायची. आपापल्या वावरातला पाण्याचा कॉक तेवढा फिरवायचा. झालं काम."

"मला न्हाई जमायचं बाबा. बटणं लय बारीक हायती."

बटणं दगडाबाईला चांगली जमत. शिवतेज, तिचा मुलगा, पलटणीबरोबर आसामात होता आणि त्याला फोन लावताना ती कधी चुकली नव्हती. तिला भीती होती ती ते दार सुटण्याची. जाणं-येणं थांबलं की तीन शब्दही गेले, आणि तेही गेले तर माफी मागायला त्या उंबऱ्यापर्यंत पोचायचं कोणत्या निमित्ताने? हे पुतण्याला कसं सांगणार? पण गुडघे ठणकत होते, मे महिन्याचं ऊन होतं, आणि पोरगा मायेने बोलत होता. शेवटी ती हो म्हणाली. विश्वजीतने तिच्या फोनमध्ये सोय करून दिली: दोनचा आकडा दाबून धरला की विहीर आणि तीन दाबून धरला की मनुबाई.

"आईला लावा न्हाईतर नगा लावू. पर नंबर असू द्या," एवढं म्हणून तो कराडला गेला.

सोमवारी पहिली पाळी दगडाबाईची होती. नऊ वाजता ओट्यावर बसून तिने दोनचा आकडा दाबून धरला. एक बाई गोड आवाजात बोलली, "वीज उपलब्ध आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

"दाबती, बाई," दगडाबाई म्हणाली आणि तिने एक दाबला.

थोड्याच वेळात ठिबकच्या नळ्यांतून पाणी पडू लागलं. नुकत्याच उगवलेल्या आल्याच्या कोंबांखालची माती ओली होताना पाहून तिला इतका आनंद झाला, की आधीचा सगळा नकार ती विसरली. इथे बसून तिथली मोटर चालू केली, हे तिने आसामात कळवलं, शेजारच्या शालूबाईला सांगितलं, आणि गुडघ्याला तेल लावता लावता गुडघ्यालाही ऐकवलं.

एक वाजता तिने मोटर बंद केली. सवयीने डोक्यावर पदर घेतला, पायात चपला सरकवल्या आणि थांबली. काय म्हणून जायचं? "तुझ्या हातात फोन हाय की, मग कशाला आलीस?" असं आक्का, म्हणजे मनुबाई, म्हणाली तर? दगडाबाईने चपला काढून ठेवल्या.

त्या दुपारी मोटरीचा आवाज आला नाही. झोप लागली असेल, असं दगडाबाईला वाटलं. मंगळवारी पहिली पाळी मनुबाईची. तेव्हाही मोटर गप्प. एक वाजल्यावर दगडाबाईने आपली पाळी घेतली. बुधवारी सकाळी पुन्हा तिची होती, ती तिने घेतली, आणि दुपारी परत सगळं थंड. न राहवून तिने विहिरीला फोन लावला.

"मोटर बंद आहे," फोनमधली बाई म्हणाली.

"ते मलाबी कळतंय. का बंद हाय ते सांग की."

मनुबाईला फोन वापरता येत नव्हता म्हणावं, तर तेही खोटं. बियाण्याचा टेम्पो तिने फोनवरच ठरवला होता आणि साताऱ्याच्या बाजारातला आल्याचा भाव तिला व्यापाऱ्याच्या आधी कळत असे. मग घोडं अडलं कुठे?

गुरुवारी सकाळी दगडाबाई बांधावर गेली. मनुबाईच्या गादीवाफ्यांवरचे कोंब शेंड्याला पांढरे पडले होते, पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. पलीकडे मनुबाई आपल्या दारात बसली होती. मांडीवर फोन, आणि नजर विहिरीकडून येणाऱ्या पाऊलवाटेवर. वाट पाहणारं माणूस लांबूनही ओळखू येतं.

तेव्हा दगडाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. सोमवारी आपली पाळी संपली तेव्हापासून पाणी मोकळं झाल्याचं हिला कोणी सांगितलंच नव्हतं. सासूचा दंडक मोडून मुक्याने पाणी घेईल ती मनुबाई कसली! सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. आधी तिला थोरल्या जावेचा रागच आला. मग भीती वाटली. या वर्षीही हिचं पीक गेलं तर ते पुन्हा आपल्याच माथी, आणि या खेपेला खरोखरच. मागच्या वेळी आपण बोललो म्हणून गेलं असं ती म्हणते, या वेळी आपण बोललो नाही म्हणून जाईल.

ती तशीच निघाली होती, पण चार पावलांवर थबकली. दारात गेलो की आपल्या तोंडून तेवढेच तीन शब्द निघणार, हे तिला सहा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिने मनुबाईच्या घराकडे पाठ केली, म्हणजे चेहरा दिसायला नको, आणि तीनचा आकडा दाबून धरला.

"कोन?"

"मी. दगडा."

दगडाबाईने सवयीने डोक्यावर पदर घेतला.

"आक्का, पाणी मोकळं झालं."

"कवा?"

"सोमवारी. एक वाजता."

"मग सोमवारी का सांगितलं न्हाईस? आन् मंगळवारी तूबी मुक्यानंच घेतलंस."

"आता ह्यो फोन आलाय, म्हून मला वाटलं..."

"फोन आला म्हून आत्याबाईंचा शबूद मोडायचा व्हय?"

"चुकलं माझं. पर आक्का, आधी मोटर चालू करा. कोंब वाळाय लागल्यात."

"वाळू देत. मागंबी गेलंच व्हतं की."

दगडाबाईने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. समोर आपलंच वावर होतं, मनुबाईचा चेहरा कुठेच नव्हता, आणि सहा वर्षं अडलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"आक्का, त्या दिवशी मी बोलाया नगं व्हतं. शेवग्याचा राग आला आन् जीभ सुटली. तुमचं आलं सडलं तवा मी दोन दिस जेवले न्हाई. तुमच्या दारात येती आन् तसंच मागं फिरती. तोंड बघितलं की बोलायचं व्हत न्हाई मला. माफ करा."

फोन कट झाला की काय, म्हणून तिने तो डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि पुन्हा कानाला लावला.

"ऐकू गेलं का, आक्का?"

"गेलं. रेंज हाय माझ्या फोनला." मनुबाई म्हणाली. "पर फोनवरचं मला चालत न्हाई. दारात येऊन सांग."

"पान्याचं, का दुसरं?"

"दोन्ही. आन् उंबऱ्याभाईर हुबं राहून न्हाई, आत येऊन."

फोन बंद झाला. दगडाबाई वळली तेव्हा मनुबाई दारात नव्हती. आपल्या वावराच्या कडेला वाकून ती कॉक फिरवत होती. दगडाबाई पाऊलवाटेने निघाली. विहिरीपाशी पोचते न पोचते तोच स्टार्टरची पेटी खट्कन वाजली आणि मोटर सुरू झाली.

ती जागच्या जागी उभी राहिली. दारात जाऊन सांगायचं अजून बाकीच होतं, आणि सासूच्या शब्दासाठी तीन दिवस पीक वाळवणाऱ्या मनुबाईने तिची वाट न पाहता पाणी घेतलं होतं. दगडाबाईने पदराने डोळे पुसले आणि दुखऱ्या गुडघ्यांनीच ती भराभरा पुढे चालू लागली.