पेठेतला उत्तररंग

बोर्लीच्या पेठेत, भर रस्त्याला लागून, धर्मशाळा होती. चैत्रात तिथं सात दिवस दुपारचं कीर्तन असे. तुळशीरामबुवा उभे राहत, मागं झांजेवर मी. बुवांनी तान घेतली की समोरचा दुकानदार तागडी तशीच हातात धरून थांबे.

एकोणीसशे सत्तावीस साली हरिश्चंद्राचं आख्यान लावलं होतं. पूर्वरंग झाला. मध्यंतरात बुवांना बुक्का लागला, गळ्यात हार पडला. ते उत्तररंगाला, म्हणजे आख्यान सांगायला, उभे राहणार, तोच बायकांत बसलेली त्यांची दहा वर्षांची गोदू ओकली. पटकी! माणसं पळाली. दिवस मावळायच्या आत त्याच धर्मशाळेत गावातले नऊ रोगी आणून निजवले. गोदू तिथंच गेली, बाप उभा राहायचा त्या जागेवर.

बुवा पुन्हा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. "अर्ध्या कीर्तनावर दुसरं चढवीत नाहीत," म्हणायचे. त्या हाराची फुलं गळून दोरा उरला, तो त्यांनी उपरण्याच्या गाठीला बांधून ठेवला होता.

पटकीनंतर धर्मशाळेत वाटसरू उतरेना. नजमुद्दीनशेठनं तिथं सुपारीची वखार केली. माणूस दिलदार. दर चैत्रात म्हणे, "बुवा, पोती सरकवून देतो. या, पुरं करून टाका."

"येईन शेठ, पुढच्या साली."

एकदा मी चिडलो. "बुवा, अडतंय कुठं?"

"शेवटाला रोहिदास जिता होतो रे. मसणात देव येतो नि तारामतीचं पोर उठून बसतं. ते मी कुठल्या तोंडानं गाऊ?"

शेठ वारले, वखार उठली, आणि येसाजीनं तिथं दारूचा गुत्ता घातला. त्याच साली बुवांच्या छातीत पाणी झालं. एका दुपारी म्हणाले, "झांज घे. हे अर्धं ठेवून मरायचं न्हाय मला."

गुत्त्यात पाचसहा जण होते. येसाजी हसला. "बुवा, तुमीपण? किती वतू?"

"बाक सरकव. माझी जागा हाय ती."

काय वाटलं कोण जाणे, त्यानं बाक सरकवलं. बुवांनी वहाणा बाहेर काढल्या, दोरा गळ्यात घातला आणि उभे राहिले. आवाज फाटला होता, सूर मात्र जागचा हलला नाही. रोहिदासाला साप डसला. तारामती पोराला उचलून मसणात आली. तिचा विलाप सुरू झाला तसे पेले एकेक करून खाली ठेवले गेले. भागोजी गाडीवान तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडत होता. त्याची बायको त्या नऊ रोग्यांतच गेली होती.

विलाप संपला. बुवा थांबले. मी झांज वाजवीत राहिलो.

"बुवा, उठवा की पोराला!" भागोजी ओरडला. "देवाला बोलवा!"

बुवांचे ओठ हलले. मग त्यांनी दोरा काढून जमिनीवर ठेवला.

"न्हाय उठत रे, भागोजी."

आठव्या दिवशी बुवा गेले. गुत्ता अजून चालतो. पुढचं सगळं मला पाठ होतं, देव येतो तिथपासून आरतीपर्यंत. मी म्हणायला हवं होतं. मी नुसती झांज धरून उभा राहिलो.