डाव्या पायाचा बूट

आमच्या फोबजिखा खोऱ्यात हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी: लोकरीचे मोजे आणा, विमानाआधी एक मोकळा दिवस हाताशी ठेवा, आणि बूट…

बुटांचं आधी सांगते.

पोलंडच्या मार्टाबाई माझ्या घरी उतरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून त्यांना पारो गाठायचं होतं, तिसऱ्या दिवशी सकाळी विमान. संध्याकाळी दारातला त्यांचा डावा बूट नाहीसा. त्यांनी आधी माझ्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, विमान चुकलं तर पर्यटन कचेरीत तक्रार करीन. म्हणजे माझ्या दारावरची पाहुणेघराची पाटी उतरणार.

मला संशय त्यांच्या ड्रायव्हरचा, चेन्चोचा. दुपारी गाडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. गेल्या वर्षी एका साहेबांचे हातमोजे हरवले, तेव्हाही गाडी त्याचीच.

पाहुण्यांसाठी: रात्री बर्फ पडलं तर खिंडीतून गाडी…

पडलंच. सकाळी चेन्चोचा फोन लागला. तो खिंडीपलीकडच्या चहाच्या दुकानात, गाडीसकट अडकलेला.

"बाईंचा बूट तुझ्याकडे आहे?"

"आहे की. आज पश्चिमेला निघायला दिवस वाईट, आमा. म्हणून कालच्या चांगल्या दिवशी त्यांचा बूट पुढे आणून प्रस्थान ठेवलं. बाईसाहेब कालच निघाल्यात. आता त्यांना काही होत नाही."

घरच्या माणसांचं प्रस्थान आम्ही सगळेच ठेवतो. परक्या बाईचं, न विचारता, कोण ठेवतं?

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बर्फापर्यंत गेलो, पुढे चालत. बाईंच्या डाव्या पायात माझ्या नवऱ्याचा गमबूट. मला त्यांनी पुढे चालायला लावलं. मागे वळले की त्यांची नजर माझ्यावरच.

दुकानात शेगडीजवळ बूट उभा होता, छान वाळलेला. बाईंनी तो उलटा करून झटकला, आत हात घालून चाचपला. सगळं ठीक होतं. त्या गाडीत बसल्या. विमान मिळणार होतं. माझी पाटीही वाचली.

तेवढ्यात चेन्चोने स्टिअरिंग धरलं. हातात निळे हातमोजे.

"हे त्या साहेबांचे ना?" मी हळूच विचारलं.

"त्यांचंही प्रस्थान ठेवलं होतं, आमा. पण साहेब ऐनवेळी पूर्वेच्या रस्त्याने गेले."

मागे मार्टाबाईंनी दोन्ही पाय सीटवर घेतले.

पाहुण्यांसाठी: रात्री बूट उशाशी ठेवा.