सात वेळा वर्ग झालेली फाईल

मित्रांनो, जुन्या वस्तूला लोक आधी वय विचारतात, म्हणून सांगूनच टाकते. मी नऊ वर्षांची आहे, आणि आम्हा सरकारी फाईलींमध्ये नऊ म्हणजे जवळजवळ आजीच. कधीकाळी मी हिरवीगार होते. आता माझा रंग विचारलात तर तुम्ही एक सांगाल, शेजारचा दुसराच सांगेल, आणि दोघंही बरोबर असाल.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. जुन्या वह्या, रद्दी, फाटकी खोकी, सगळं एका हौदात भिजवलं, त्याचा लगदा केला, लाटला, वाळवला आणि त्यातून मी निघाले. माझ्या पाठीवर नीट बघितलंत तर कुणाच्यातरी शुद्धलेखनाच्या वहीतला एक निळा ठिपका अजून दिसतो. मला त्याचा उगाचच अभिमान आहे, आणि का ते पुढे कळेलच.

तिथून मी समाजकल्याण कार्यालयात आले. दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. तिथे शिक्केवाले काका बसायचे. त्यांनी मला वाकवून बघितलं, नाडी ओढून बघितली आणि म्हणाले, "ही दणकट आहे, हिला काही होत नाही." मी इतकी फुगले की काय सांगू, त्या दिवशी पोटात एक कागद नसतानाही मी जाड दिसत होते.

आणि मग माझ्या पोटात पहिला कागद आला.

तो अर्ज होता. अक्षर मोत्यासारखं, पण ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. पोस्टमन घेऊन आला होता, एका आजींनी खिडकीच्या गजांतून त्याच्या हातात दिलेला. लिहिलं होतं: "मी निवृत्त शिक्षिका, वय एकोणऐंशी. पुतण्या आणि त्याची बायको सोबत म्हणून माझ्या घरी राहायला आले. आता कामावर जाताना मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. चष्मा मागितला की शोधतो म्हणतात, चार महिने झाले. कृपया लक्ष घालावे. चूकभूल माफ असावी, दिसत नाही."

मला वाटलं, आता सगळे धावतील.

धावले नाहीत असं नाही, पण धावले कसे ते ऐका. काकांकडे एक शिक्का होता, "संबंधित विभागाकडे वर्ग". ऑफिसच्या भाषेत वर्ग करणं म्हणजे दुसरीकडे पाठवून देणं. काकांनी तो माझ्यावर ठाप्पकन मारला आणि मी मागच्या गल्लीतल्या पोलीस चौकीत गेले.

तिथले पोलीसदादा खरंच चांगले. ते त्या घरी गेले, कुलूप त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पुतण्याला गाठलं तर तो म्हणाला, काकूचं डोकं आता चालत नाही, सगळं विसरते, गॅस चालू ठेवते, म्हणून कुलूप. दादांनी हे आपल्या डायरीत लिहिलं आणि माझ्यावर फक्त एवढं की, "कौटुंबिक बाब. आरोग्य विभागाकडे वर्ग."

मग दवाखाना. तिथली नर्स रविवारी गेली, म्हणजे घर उघडं असताना. आजी भिंत धरून चालतात, गुडघा खरचटलाय, चष्मा नाही, बुद्धी मात्र एकदम तल्लख, हे सगळं तिने लिहिलं, पण कुठे, तर तिच्या रजिस्टरात. माझ्यावर काय? "मारहाणीच्या खुणा नाहीत. समाजकल्याणकडे वर्ग." म्हणजे फिरून मी आपली काकांच्याच टेबलावर.

आमच्या ऑफिसातल्या ताईंनी त्या घरी फोन लावला. पुतण्या म्हणाला, काकू गावाला गेल्यात. ताईंनी ते आपल्या वहीत टिपलं. आणि माझ्यावर पुन्हा ठाप्प.

असे पाच महिने आणि सात शिक्के. खरी माहिती ज्याच्या त्याच्या वहीत आणि माझ्या वाट्याला नुसते "वर्ग". प्रत्येकाला वाटायचं, आपलं काम आपण केलं, पुढचं पुढचा बघेल. पुढे काकांनी मला खिडकीच्या फटीत अडकवलं, वाऱ्याने ती आपटू नये म्हणून. दणकट होते ना मी. तिथून मला रस्ता दिसायचा आणि मी रोज त्या आजींचा विचार करायचे, की त्यांना खिडकीतून रस्तासुद्धा नुसता धूसर दिसत असणार.

आणि एका मंगळवारी पुतण्या कुलूप लावायला विसरला. विसरभोळ्या म्हणे काकू.

पोस्टमनचा दंड धरून त्या आमचा जिना चढून आल्या. छोट्याशा, ताठ, पायात दोन वेगवेगळ्या चपला. टेबलाला हात लागल्यावर थांबल्या.

"माझ्या अर्जाचं काय झालं?"

काका अदबीने उठले. "बाई, तुमचा अर्ज वर्ग केलाय."

"कितवीच्या?"

"नाही, तसं नाही. वर्ग म्हणजे पोलिसांकडे वर्ग, मग दवाखान्याकडे वर्ग…"

"अहो, मी बत्तीस वर्षं वर्ग घेतले," बाई म्हणाल्या. "मूल वर्गात आहे म्हटलं की कुणीतरी समोर उभं असतं. माझ्या अर्जाच्या वर्गावर बाई कोण आहेत?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत.

आतल्या खोलीत नवीन मॅडम होत्या, महिन्यापूर्वीच आलेल्या. त्यांनी हे सगळं ऐकलं. बाहेर येऊन स्वतःच्या हाताने मला फटीतून उपसलं, सातही शिक्के वाचले आणि फोन उचलला. "सगळ्यांनी इकडेच या. आत्ता. आपापली वही घेऊन." दवाखाना समोर, चौकी मागे, ताई शेजारच्या खोलीत. तासाभरात सगळे एका टेबलाभोवती आले. पाच महिने मी ज्यांच्यामध्ये हिंडत होते ते सगळे हाकेच्या अंतरावर होते हो.

पण सुरुवात कोण करणार? दादा म्हणे नर्सला विचारा, नर्स म्हणे ताईंना विचारा.

बाईंनी टेबलावर टिचकी मारली. "आधी हजेरी. मला तोंडं दिसत नाहीत, रंगाने घेते. खाकी?"

पोलीसदादा खुर्ची सरकवून ताडकन उभे राहिले. "हजर, बाई."

"बसा. पांढरा कोट?"

"हजर," नर्स म्हणाली आणि हसू दाबायला लागली.

ताई हजर झाल्या. शेवटी "शिक्का?" म्हटल्यावर दाराआडून काकाही हजर झाले.

"आता एकेकाने मोठ्याने वाचा."

दादांनी वाचलं, पुतण्या म्हणतो काकू सगळं विसरते. नर्सने मान वर केली. "विसरतात? यांनी मला सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. मला सुलटा येत नाही."

ताई पुटपुटल्या, "आणि मला म्हणाला, गावाला गेल्यात."

"मी?" बाई म्हणाल्या. "मला दारापर्यंत जायची चोरी."

दादांनी डायरी मिटली. "प्रत्येकाला वेगळी थाप," ते म्हणाले, "आणि आपण चौघं कधी बोललोच नाही." मित्रांनो, सात शिक्क्यांत जे दिसलं नाही ते सात मिनिटांत दिसलं.

त्याच दुपारी सगळे एकाच गाडीतून बाईंच्या घरी गेले, आणि मॅडमच्या काखेत मीही. दाराचं कुलूप बदललं, किल्ली बाईंच्या हातात दिली. चष्मा सापडला कपाटावरच्या डब्यात, रुमालात नीट गुंडाळलेला. हरवलेली वस्तू कुणी गुंडाळून ठेवतं का? पुतण्यावर रीतसर कारवाई झाली, पंधरा दिवसांत त्याचं बिऱ्हाड हललं. आता मधूनमधून येतो, बेल वाजवतो आणि उभा राहतो. दार उघडायचं की नाही, ते बाई ठरवतात.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. चष्मा डोळ्यावर चढला आणि बाईंनी सगळ्यात आधी मला उघडलं. स्वतःचा अर्ज वाचला, दोन वेलांट्या सुधारल्या. मग मॅडमनी पेन मागितलं आणि सातव्या शिक्क्याखाली लिहिलं, "वर्ग करू नये. वर्ग भरवावा." बाईंनी ते चष्म्यातून दोनदा वाचलं आणि त्यापुढे लाल पेनने बरोबरची खूण केली. शुद्धलेखनाच्या वहीतून जन्मलेल्या माझ्या आयुष्यातले पहिले मार्क.

तेव्हापासून दर मंगळवारी अकरा वाजता आमच्याकडे वर्ग भरतो. खाकी, पांढरा कोट, ताई, मॅडम, सगळे. पोस्टमनलाही खुर्ची आहे, कारण बंद दारं त्यालाच आधी दिसतात. हजेरी काका घेतात, आणि तो शिक्का आता खिडकीच्या फटीत असतो. मी टेबलाच्या मधोमध पडून असते. नाडी तुटलीय, कोपरे दुमडलेत, पण नवीन कुणी आलं की मलाच उघडून दाखवतात.

एवढंच मागते मित्रांनो. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत एखादे आजोबा बरेच दिवस दिसले नाहीत, एखादी आजी पुन्हा पुन्हा चष्मा मागत असली, तर दुसरं कुणीतरी बघेल असं म्हणून त्यांना वर्ग करू नका. मोठ्या माणसांना सांगा, ते ऐकेपर्यंत सांगा. आणि कुणी विचारलंच की यात तुझं काय काम, तर दादांसारखं ताडकन उभं राहायचं आणि एकच शब्द म्हणायचा.

हजर.