रविवारची चादर

ऑडनीने ओली चादर झटकली आणि दोरीवर टाकली. दोरी पार पुढच्या कुंपणालगतची, प्रार्थनाघराच्या दारासमोरची. मग काय वाटलं कोण जाणे, तिने चादर उलटवली. बोर्गहिलच्या नावाची भरलेली अक्षरं रस्त्याकडे आली.

"अगं, तळघरात वाळत घाल!" उघड्या खिडकीतून बोर्गहिलचा आवाज आला. अंथरुणाला खिळल्यापासून शेजारीण म्हणून ऑडनीच तिचं सगळं करायची. "आज रविवार आहे!"

"रात्री अंथरूण भिजवताना वार बघितलास का? तळघरात वास राहतो."

"ऑडनी, हात जोडते तुला."

ऑडनीने दातांत धरलेला चिमटा काढून चादरीला लावला.

या गावात कॉफी पातळ झाली तरी लोक 'स्कान्दाले', म्हणजे 'काय ही लाजिरवाणी गोष्ट', म्हणत, बोट चुकली तरी 'स्कान्दाले'. हसत म्हणत आणि विसरून जात. बोर्गहिल मात्र तो शब्द जपून वापरायची. कित्येक वर्षांपूर्वी ऑडनीची लेक आपल्या ख्रिस्ती दीक्षाविधीच्या आदल्या आठवड्यात तापाने रात्रभर ओकत होती. सकाळी ऑडनीने चादरी धुऊन बाहेर टाकल्या. रविवार होता, आणि रविवारी धुणं बाहेर टाकणं तेव्हा पाप मानत. प्रार्थनाघराच्या पायरीवर थांबून बोर्गहिल तेवढा एकच शब्द बोलली. हसली नाही. दीक्षेच्या जेवणाला मग कुणी फिरकलं नाही. बदामाचे केक टेबलावर वाळून गेले. लेक पुढे शहरात गेली ती गेलीच.

समोरचं गाणं थांबलं. दार उघडलं. ऑडनी चादरीशेजारी ताठ उभी राहिली.

"काय मस्त वारा सुटलाय!" बाबागाडी ढकलणारा एक तरुण म्हणाला. "आम्हीपण कपडे टाकायला हवे होते."

त्याची बायको हसली. बाकीचे गाड्यांत बसून गेले.

ऑडनी आत आली. बोर्गहिलने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं होतं.

"कोण काय म्हणालं?"

काहीही सांगता आलं असतं. ऑडनीने खुर्ची ओढली.

"वारा मस्त आहे म्हणाले."

"आणि?"

"आणि काही नाही."

"कुणीच नाही?"

"कुणी तुझं नावसुद्धा वाचलं नाही, बाई."

बोर्गहिलने मान खिडकीकडे वळवली. बाहेर चादर फडफडत होती.

"स्कान्दाले," ती पुटपुटली.

ऑडनीने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली, कॉफीचा कप तिच्या हातात दिला आणि बोटं घट्ट मिटेपर्यंत सोडला नाही.

"मोठ्याने म्हण," ती म्हणाली. "आता ऐकणारी मी एकटीच उरले आहे."