चौथी गोष्ट

नयनाने दारात आलेली चाकांची खुर्ची हातानेच परतवली.

"चालत येतील ते," असं वॉर्डबॉयला सांगून तिने नवऱ्याला, विद्याधरांना, कोपराला धरून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत आणलं.

"स्वल्प हळू गं," ते सवयीच्या कानडीमिश्रित मराठीत पुटपुटले. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली होती.

फुफ्फुसाभोवती कॅन्सरचं पाणी साचत होतं. दोनदा काढलं, पुन्हा भरलं. आता किती दिवस उरलेत, त्याचा डॉक्टर अंदाज बांधणार होत्या. भाचा पुष्कर फोनवर म्हणाला होता, "मामी, त्यात चारच गोष्टी बघतात. कॅन्सर कुठला, रक्त कसं, काढलेलं पाणी कसं आणि पेशंट किती हिंडताफिरता आहे." पहिल्या तीन नयनाच्या हातात नव्हत्या. चौथीसाठी तिने सकाळी त्यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, गालांना पावडरसुद्धा लावली. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसा थाट! विद्याधरांनी मुकाट्याने सगळं करू दिलं. ऑटोत मात्र म्हणाले, "काही होवो, मला हॉस्पिटलात ठेवू नकोस. घरीच राहू दे." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डॉक्टर वसुमती बेळगावच्या, मराठी छान बोलत.

"काकू, दिवसातला किती वेळ पडून असतात?"

"छे, पडून कुठले! आंघोळ स्वतः करतात, भाजी आणतात, संध्याकाळी चामराजपेटात एक चक्कर असते." नयना धडधडीत खोटं बोलली आणि तिला त्याची काडीची लाज वाटली नाही.

डॉक्टरांनी ते कॉम्प्युटरवर भरलं. "मग चांगलं आहे की. हातात काही महिने आहेत."

महिने! नयनाला रडू फुटायचंच बाकी होतं.

"खरं तर मी छातीत नळी बसवून घरी पाठवणार होते," डॉक्टर म्हणाल्या. "पाणी तुम्हीच घरी काढायचं. पण ती ज्यांच्या हातात अगदी थोडे दिवस असतील त्यांच्यासाठी. यांना ॲडमिट करू, औषध घालून फुफ्फुस छातीला आतून चिकटवू, म्हणजे पाणी साचायला जागाच उरणार नाही. आठवडाभर वॉर्डात राहावं लागेल. दुखेल, ताप येईल, पण यांना झेपेल."

विद्याधरांनी ताठ बसून फक्त नयनाकडे पाहिलं. खोटं तिचं होतं, पण निभावून न्यायला विद्याधर निघाले होते.

नयना खुर्चीत पुढे सरकली.

"डॉक्टर, आंघोळ मी घालते," ती म्हणाली. "घासही मीच भरवते. उशा लावून टेकवलं, तरच बसतात."

डॉक्टरांचा हात पुन्हा कीबोर्डकडे गेला. नयनाने तो धरला.

"दिवसांचा आकडा सांगू नका. नळी कधी बसवता, तेवढं सांगा."